तीन 'क' जमले

आज सुलेखनाच्या सरावात बोरूने, म्हणजे रुंद, चपट्या टोकाच्या बोरूच्या लेखणीने, दोन पानं 'क' गिरवला. या कामाला प्रेक्षक नसतो, त्यामुळे शाबासकी आपली आपणच द्यायची. पण ती पुराव्यानिशी द्यावी! देवनागरीत पुरावा सोपा आहे: टोकाची कड ओळीशी ४५ अंशांत धरली की शिरोरेषा आणि उभा दंड एकाच जाडीचे उतरतात. दंड जाड दिसला तर टोक आडवं झालंय, शिरोरेषा जाड झाली तर उभं. पान संपत आलं की मनगट दमतं आणि कोन सुटतो. 'आज हातच चालत नाही' म्हणतो ते बऱ्याचदा एवढंच असतं.

शाई उतरत नसेल तर स्वतःला बोल लावण्याआधी बोरूच्या टोकातली शाई उतरायची चीर बघा. फार आखूड असली तर शाई अडते, फार लांब असली तर दाब पडताच टोक फाकतं. (झेरॉक्सचा कागद शाई पितो, कडा फुटतात. त्यात हाताचा काय दोष?)

३ मिमी टोक, १५ मिमी उंची, पानावर साधारण ४० अक्षरं. त्यातल्या तिघांभोवती पेन्सिलीने गोल केलाय, कोपऱ्यात तारीख टाकलीये. तिसऱ्याचं पोट तर काय सुरेख वळलंय!