‘रिस्टार्ट मारून बघ की’: अपग्रेडनंतर न उठलेल्या पाच मशीनची गोष्ट

सर्व्हर उठला होता. प्रॉक्समॉक्सची (एका सर्व्हरवर अनेक मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) वेब स्क्रीन उघडत होती, डाव्या बाजूला पाचही व्हीएमची, म्हणजे त्यातल्या आभासी मशीनची, नावं ओळीने दिसत होती. पण कुठल्याही नावावर स्टार्ट दाबलं की दोन सेकंदांत लाल एरर. रविवारचे संध्याकाळचे साडेसात वाजलेले आणि सोमवारी सकाळी बेदाण्याचा सौदा.

दुकान सांगलीच्या मार्केट यार्डातलं, हळद आणि बेदाण्याची अडत. तिथला सर्व्हर मी सांभाळतो. विंडोजवर हिशोबाचं सॉफ्टवेअर, लिनक्सवर शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचा (विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पावत्यांचा) डेटाबेस, एक फाइल शेअर, एक कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि एक माझं प्रयोगाचं मशीन, असे पाच व्हीएम. २०१९ च्या महापुरानंतर दुकानाच्या अण्णांनी सर्व्हर माळ्यावर चढवला, तो अजून तिथेच आहे. शिडी लाकडी आहे.

प्रॉक्समॉक्सच्या सात नंबरच्या आवृत्तीचा सपोर्ट जुलै २०२४ मध्ये संपला. अपग्रेड त्याआधीच करायला हवं होतं. पण जुलैच्या शेवटी सगळ्या सांगलीचं लक्ष आयर्विन पुलाच्या पातळीकडे असतं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. त्या दिवसांत चालू सर्व्हरला हात लावायला मन होईना, म्हणून ऑगस्टातला एक रविवार धरला. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, एक व्हीएम त्यातून परत उभं करून पाहिलं (हे न करता पुढे जाऊच नका), ‘पीव्हीई-सेव्हन-टू-एट’ ही तपासणी चालवली, रिपॉझिटरीत (सॉफ्टवेअर जिथून येतं त्या यादीत) बुल्सआय या लिनक्स आवृत्तीच्या जागी पुढच्या बुकवर्मचं नाव लिहिलं आणि अपग्रेड सोडलं. ते तासाभरात बिनतक्रार झालं.

रीबूटनंतर नेटवर्क गेलं. याची मला कल्पना होती. नवीन ६.८ कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) नेटवर्क कार्डांची नावं बदलू शकतात. माझ्या कार्डाच्या नावामागे ‘एनपी-शून्य’ असं शेपूट लागलं होतं आणि व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा ब्रिज जुन्याच नावाला धरून बसला होता. फाइलमध्ये नाव बदललं, पाच मिनिटांचं काम. फक्त ते दुरून होत नाही. मॉनिटर, कीबोर्ड आणि केबल घेऊन जा. माझ्याकडची केबल आखूड निघाली, म्हणून मॉनिटर हळदीच्या पोत्यावर ठेवून मान वाकडी करून टाइप केलं.

आणि मग ती लाल एरर. खरा वेळ इथे गेला.

पहिली चूक माझी. मी एररची फक्त शेवटची ओळ वाचत होतो, आणि ती कुठल्याही बिघाडाला सारखीच वाटते: स्टार्ट फेल झालं, एवढंच. त्यातून मी रॅम बघितली, व्हीएमच्या कॉन्फिग फाइली उघडल्या, उगाच प्रोसेसरचा प्रकार बदलला. तास गेला. मग टर्मिनलवर ‘क्यूएम स्टार्ट’ने व्हीएम सुरू करून बघितलं, तेव्हा मला मजकूर नीट दिसला. त्याचा अर्थ असा: ‘डेटा’ नावाचा पूल चालू करता येत नाही, कारण त्याचाच ‘टी-मेटा’ हा भाग आधीपासून चालू आहे.

पाचही मशीनच्या डिस्क या एकाच एलव्हीएम थिन पूलमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या एकाच सामायिक साठ्यात. म्हणजे व्हीएममध्ये काही बिघडलंच नव्हतं. गोदामाला कुलूप होतं आणि मी पोती तपासत बसलो होतो.

इथे मी एका ओळखीच्याला फोन केला. तो म्हणाला, पूल रिपेअर कर, ‘एलव्ही-कन्व्हर्ट’ला रिपेअरचा पर्याय आहे. दुसरा म्हणाला, सगळं पुसून बॅकअपवरून चढव. आणि खालून अण्णा दर दहा मिनिटांनी विचारत होते, “काय ओ, रिस्टार्ट मारून बघितलं का?” बघितलं. दोनदा. दोन्ही वेळा तीच एरर, अक्षराचाही फरक नाही.

रिपेअरची कमांड मी टाइप करून ठेवली होती, एंटर दाबायचं बाकी होतं. तेवढ्यात सुचलं, आधी पूल किती भरलाय ते बघू. ‘एलव्हीएस’ला ए जोडून चालवलं. टी-डेटा आणि टी-मेटा हे दोन्ही आतले भाग चालू आणि वरचा पूल तेवढा बंद. म्हणजे पूल मोडला नव्हता, अर्धवट उघडून राहिला होता. न मोडलेल्या पूलवर रिपेअर चालवलं असतं तर रात्र कुठे गेली असती देव जाणे. तुमच्याकडे ही एरर आली तर रिपेअर सगळ्यात शेवटी.

उपाय तीन ओळींचा निघाला. टी-डेटा बंद करा, टी-मेटा बंद करा, मग पूल चालू करा. तिन्हीला ‘एलव्ही-चेंज’ हीच कमांड. पूल उघडायला काही मिनिटं लागली, तेवढा वेळ मी शिडीवर बसून होतो. मग चार व्हीएम एकामागून एक उठले. पाचवं, हिशोबाचं विंडोज, अडलं. त्याला जोडलेली ड्रायव्हरची आयएसओ फाइल (सीडीची प्रत) मीच मागे जागा करायला उडवली होती. सीडी ड्राइव्ह रिकामा केला, तेही उठलं. साडेदहाला मी घरी. इतका खूश, की विश्रामबागला गाडी थांबवून भेळ खाल्ली.

पूल अर्धवट का उघडला, हे मात्र मी त्या रात्री शोधलं नाही. काम झालं ना, मग झोप.

सोमवारी सकाळी वीज गेली. यूपीएसने वीस मिनिटं तग धरला आणि मग सर्व्हर बंद. वीज आली, सर्व्हर उठला, व्हीएम पाचही आडवे. मी मिरजेत दुसऱ्या कामावर. सौदा तोंडावर आलेला. मधल्या काळात अण्णांनी सर्व्हर आणखी एकदा रिस्टार्ट करून घेतला होता. त्यांचं तरी काय चुकलं म्हणा; बाकी सगळ्या यंत्रांना तोच उपाय लागू पडतो. इथे मात्र दर रिस्टार्टला तोच घोळ नव्याने तयार होत होता.

काउंटरवरच्या मुलीला फोनवर घेतलं. तिने याआधी काळी स्क्रीन पाहिली नव्हती, पण शिडीवर चढली, आणि मी सांगेन ते पट्टीच्या कोऱ्या पाठीवर लिहून घेऊन मग टाइप करत गेली. “एल-व्ही-चेंज, मग स्पेस, वजा, ए एन. स्पेस. पी-व्ही-ई. तिरकी रेघ. डेटा. खालची रेघ...”

“खालची म्हणजे अक्षराच्या खालची ना दादा?”

“हो, शिफ्ट दाबून.”

एकोणीस मिनिटं. सौदा उशिरा सुरू झाला, पण पट्ट्या निघाल्या.

त्या दुपारी मात्र मी बूटचा लॉग ओळीने वाचला. सर्व्हर उठताना पूल उघडण्याआधी ‘थिन-चेक’ नावाची तपासणी चालते. पूल मोठा आणि मेटाडेटा (कुठला डेटा कुठे आहे याची नोंद) जास्त असला की ती लांबते. ही सगळी कामं उरकून घेणारा जो ‘यूडेव्ह’ आहे, तो ठरावीक वेळेपलीकडे थांबत नाही. तपासणी मधेच मारून टाकतो. आतले भाग उघडलेले तसेच राहतात आणि पूल बंदच. सातवर हे कधी झालं नव्हतं, कदाचित काठावर निभावत असेल. उपाय असा, की एलव्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये थिन-चेकच्या पर्यायांत ‘स्किप-मॅपिंग्ज’ जोडायचं आणि मग इनिट-रॅम-एफएस (बूटच्या सुरुवातीला वाचली जाणारी फाइल) नव्याने बांधायचं. ही दुसरी पायरी विसरलात तर पहिलीचा उपयोग नाही. बूटच्या वेळी जुनीच सेटिंग वाचली जाते. मी विसरलो होतो. म्हणून म्हणतो.

याने तपासणी उथळ होते, हेही खरं. पूर्ण तपासणी सवडीने, सगळे व्हीएम आणि पूल बंद ठेवून, हाताने करायची.

बुधवारी रात्री दुकान बंद झाल्यावर मी मुद्दाम तीनदा रीबूट केला. तिन्ही वेळा पाचही मशीन आपणहून उठली. अण्णा खुर्चीत बसून बघत होते. “मग रिस्टार्टनेच झालं की शेवटी,” म्हणाले. मी काही बोललो नाही.

आणि हो, यूपीएसच्या बॅटऱ्या बदला. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही.

नऊ नंबरची आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. आठचा सपोर्ट ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. पुढचा रविवार मी पावसाळ्याआधीचा धरणार. त्या मुलीने लिहिलेली पट्टी दिवाणजींनी सर्व्हरच्या कडेला चिकटपट्टीने लावलीय, ‘एल व्ही चेंज, वजा ए एन’ अशी, देवनागरीत. आता त्या पट्टीची गरज नाही असं सांगून बघितलं. राहू दे म्हणाले.