११७ मराठा पलटणीच्या एका शिपायाचा माग: इथवर काय हाती आलं

माझ्याकडे पहिल्या महायुद्धात लढलेल्या, ब्रिटिश हिंदी सैन्यातल्या ११७ मराठा पलटणीच्या एका शिपायाचं ब्रिटिश वॉर मेडल आहे. मागच्या नोंदीत त्याबद्दल लिहिलं होतं. आता त्या पदकाचा जोडीदार सापडला. कोल्हापूरच्या एका संग्राहकाकडे १९१४-१५ स्टार हे त्याच युद्धाचं दुसरं पदक आहे. त्याच्या पाठीवर तोच क्रमांक, तोच शिपायाचा हुद्दा, तेच नाव आणि तीच ११७ मराठा पलटण आहे. फोटो आला त्या रात्री दोन्ही नेमिंग (पदकावर ठोकलेली नाव-क्रमांकाची ओळ) भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. क्रमांकातला एक आकडाही वेगळा नाही. शिपायाचं नाव इथे देत नाही. त्याच्या घरच्यांचा शोध चालू आहे, आणि आजोबा-पणजोबांचं नाव त्यांना आधी आपल्याकडून कळावं, दुसरीकडून नव्हे, असं मला वाटतं.

नव्याने या छंदात आलेल्यांसाठी थोडं सांगतो. पहिल्या महायुद्धात लढलेल्या हिंदी शिपायाला साधारणपणे तीन पदकं मिळायची: एक स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. वॉर मेडल चांदीचं, ३६ मिलिमीटर व्यासाचं. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला गरुडाची ढाल टापांखाली तुडवणारा उघडा घोडेस्वार. मजूर तुकड्यांना आणि बिनलढाऊ लोकांना हेच पदक पितळी रंगाच्या ब्राँझमध्ये दिलं गेलं, आणि ते चांदीच्या पदकापेक्षा खूपच कमी संख्येने आहे. व्हिक्टरी मेडल ब्राँझचं, कडीत अडकवलेलं, इंद्रधनुषी रिबनचं. ते एकटं कधी दिलं जात नसे. महत्त्वाची गोष्ट अशी की या तिन्हींवर ज्याचं त्याचं नाव ठोकलेलं असतं. मेडलांच्या कडेवर, स्टारच्या पाठीवर. आपल्या छंदाचा सगळा आधार त्या एका ओळीवर आहे.

आता स्टार हाती आल्याने नेमकं काय बदललं? नुसत्या वॉर मेडलवरून एवढंच कळत होतं की हा माणूस ११७ मराठात होता आणि युद्धकाळात हिंदुस्थानाबाहेर किंवा रणभूमीवर गेला. तो १९१७ मध्ये भरती होऊन १९१८ मध्ये बगदादच्या मागे पहाऱ्यावर उभा राहिलेला नवा रंगरूटही असू शकला असता. स्टारला मात्र तारखेची अट आहे: ५ ऑगस्ट १९१४ ते ३१ डिसेंबर १९१५ च्या दरम्यान युद्धक्षेत्रात पाऊल पडलेलं असलं पाहिजे. आणि त्या काळात ११७ मराठा कुठे होती हे आपल्याला नीट ठाऊक आहे.

(बाजारात काही विक्रेते मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, १९१४ सालीच उतरलेल्या पलटणींच्या संचात '१९१४ स्टार' लावून देतात. तसा संच दिसला की सावध व्हा. तो स्टार फक्त फ्रान्स आणि बेल्जियमसाठी होता. बसऱ्याला १९१४ च्या नोव्हेंबरात उतरलेल्या माणसालाही १९१४-१५ स्टारच मिळाला.)

११७ मराठा ही सहाव्या पूना डिव्हिजनच्या १६ व्या ब्रिगेडमध्ये होती. याच ब्रिगेडने ६ नोव्हेंबर १९१४ ला शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी, फाओला पाऊल टाकलं. त्याच महिन्यात बसरा पडलं. पुढे एप्रिल १९१५ मध्ये शैबाची तीन दिवसांची लढाई, सप्टेंबरच्या अखेरीस कूट-अल-अमारा, आणि २२ नोव्हेंबरपासून टेसिफॉन. तिथे जनरल टाउनशेंडची फौज बगदादच्या अगदी जवळ पोहोचून थांबली, आणि मोठं नुकसान सोसून तैग्रिसच्या काठाने परत कूटला आली. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला. तो १४७ दिवस चालला. २९ एप्रिल १९१६ ला शस्त्रं खाली ठेवली तेव्हा सुमारे १३,००० माणसं कैद झाली. आत मराठ्यांच्या एक नव्हे, तीन पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. आपल्याकडे महायुद्ध म्हटलं की फ्रान्सचे खंदक आठवतात, पण सातारा, रत्नागिरी, कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतल्या पोरांचं महायुद्ध या नदीकाठच्या चिखलात झालं. वेढ्यात धान्य संपत आलं तसे घोडे आणि खेचरं कापली गेली. कित्येक हिंदी शिपायांनी ते मांस खायला कितीतरी दिवस नकार दिला. भाजीपाला नव्हता, स्कर्व्हीने माणसं खचली. शरणागतीनंतर साध्या शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं गेलं, आणि अनेकांना रास-अल-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं गेलं.

आपला शिपाई या वेढ्यात होता का? स्टारवरून शक्यता मोठी दिसते, पण खात्री म्हणता येत नाही. शैबा किंवा टेसिफॉनला जखमी होऊन वेढा पडण्याआधी बसऱ्याला, तिथून मुंबईला परत आलेलेही पुष्कळ होते. कूटनंतर पलटण पुन्हा उभी झाली तेव्हा असे बरे झालेले जुने शिपाई तिच्यात सामील झाले असणार. आपला माणूस यांतला एक असू शकतो. वेढ्यातला असूही शकतो.

इथून पुढे शोध अवघड होतो, आणि त्याचं कारण मला स्वतःला फार अस्वस्थ करतं. जो शिपाई मेला, त्याचा पत्ता सापडतो. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत मृत हिंदी शिपायांपैकी बऱ्याच जणांच्या नावापुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा दिलेला असतो. बसरा मेमोरियलवर मेसोपोटेमियात पडलेल्या ४०,००० हून जास्त माणसांची आठवण आहे. त्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा लिहिला गेला, ही गोष्ट लाजिरवाणीच आहे. पण निदान कागदी नोंदवहीत ती नावं राहिली आणि आता संगणकावर शोधता येतात. जो जगून घरी परतला त्याची अशी नोंद कुठेच एका ठिकाणी नाही. लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली मेडल कार्डं गोऱ्या सैनिकासाठी खजिना आहेत. हिंदी शिपायांसाठी ती पुरी पडत नाहीत. पंजाबच्या गावांची युद्धकाळातली भरतीची रजिस्टरं लाहोर संग्रहालयात जपली गेली आणि अलीकडे लोकांसाठी खुली झाली. आपल्या कोकण-देशावरच्या शिपायासाठी त्या तोडीचं काही माझ्या पाहण्यात आलेलं नाही. म्हणून परत आलेल्या माणसाचं नाव बहुतेक वेळा चांदीच्या कडेवरच उरलेलं असतं.

आमचा शिपाई कमिशनच्या यादीत नाही. म्हणजे तो बहुधा परत आला. ही आनंदाची गोष्ट, पण गाव शोधायचं कसं?

त्यासाठी उलट्या बाजूने जातोय. त्या काळी प्रत्येक पलटण आपापली क्रमांकमाला चालवायची, आणि भरती तुकडीतुकडीने व्हायची. सुट्टीवर आलेला नाईक किंवा हवालदार गावातून, भावकीतून, शेजारच्या वाडीतून चार पोरं घेऊन जायचा, आणि ती पोरं एका दमात नोंदवली जायची. म्हणून ११७ मराठाच्या मृत शिपायांची क्रमांकवार यादी करायला घेतली आहे, आणि आमच्या क्रमांकाच्या मागे-पुढे कोणती गावं येतात ते पाहतोय. यादी अजून अपुरी आहे. आतापर्यंत तरी कोकणातली गावं जास्त दिसताहेत, आणि एकाच तालुक्यातली दोन-तीन गावं पुन्हा पुन्हा येताहेत. यात दोन खड्डे आहेत. युद्धकाळात एका मराठा पलटणीतून दुसरीत कुमक पाठवली जायची, आणि अशा माणसाचा क्रमांक मूळ पलटणीचा असू शकतो. दुसरं असं की पलटणीच्या नावात मराठा असला तरी या पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. त्यांची भरती निराळ्या गावांतून झालेली असणार, तेव्हा यादी करताना त्यांचा रकाना वेगळा ठेवा.

नावांचं इंग्रजी लेखन हा आणखी एक ताप. साहेबाच्या कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. पवारचा पोवार होतो, सावंतचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं, मोरे आणि मोहिते तर एकमेकांत मिसळतात. शोधताना पूर्ण आडनाव टाकू नका. पहिली दोन-तीन अक्षरं आणि पलटण एवढ्यावरच शोधा, आणि मग डोळ्यांनी चाळा. वेळ लागतो, पण सुटलेली माणसं याच पद्धतीने सापडतात.

पदक खरं आहे की नाही याची तपासणी कशी केली, तेही लिहून ठेवतो, कारण हल्ली जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात ओतीव नकला फार फिरताहेत. आधी व्हर्नियर या मोजमापाच्या साधनाने व्यास सहा-सात जागी मोजला. कानस मारून जुनं नाव उडवलं असेल तर कड कुठेतरी बसलेली असते, आणि पदक किंचित अंडाकार भरतं. मग नाव पाहिलं. अस्सल नेमिंग ठशाने ठोकलेलं असतं, अक्षराचा तळ सपाट आणि काठ जरा उचललेला. कोरणीने नंतर केलेल्या अक्षरात रेघ सुरुवातीला बारीक, मग जाड होते. वॉर मेडलची वरची सरळ दांडी फिरत नाही. फिरत असेल तर ती बदललेली आहे किंवा मोडून जोडलेली आहे. ओतीव नकलेवर घोडेस्वाराच्या मांडीवर आणि आकाशाच्या मोकळ्या भागात बारीक खड्डे दिसतात. आमच्या पदकाच्या दांडीजवळ डाग दिल्याची खूण आहे. कधीतरी कुणीतरी ते गळ्यात घालण्यासाठी कडी लावली असावी. ती खूण काढणार नाही. तीही त्या घराच्या इतिहासातलीच आहे.

वॉर मेडल चांदीचं असणं हेच त्याचं दुर्दैव ठरलं. चांदीचा भाव चढला की पेढीवर तोडे, पैंजण, वाळ्यांबरोबर पदकंही वितळतात. ब्राँझचा स्टार आणि व्हिक्टरी मेडल मात्र ट्रंकेच्या तळाशी राहून जातात. म्हणून आपल्याकडे चांदीचं पदक नसलेल्या जोड्या इतक्या दिसतात. तुमच्या ओळखीचे सराफ असतील तर त्यांना एवढंच सांगून ठेवा की कडेवर इंग्रजी अक्षरं असलेला चांदीचा बिल्ला मोडीत आला तर वितळवण्याआधी एक फोटो पाठवा. मी असं सांगून ठेवलंय, आणि त्याचा उपयोग झालाय. पदक वाचवता आलं नाही तरी नाव वाचतं.

घासपुसीबद्दल पुन्हा एकदा हात जोडून विनंती. देवघरात टाकांशेजारी पदक ठेवणारी, खंडेनवमीला शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा करणारी घरं मी पाहिली आहेत. ती माया मोठी आहे. पण चिंच, राख, रिठे किंवा पॉलिशची पेस्ट लावून वर्षानुवर्षं घासलं की राजाचा चेहरा जातो आणि मग कडेवरचं नावही जातं. हळदीकुंकवाचे डाग असले तर राहू द्या. धूळ मऊ ब्रशने झटका, कोरडं सुती कापड वापरा, कोकणात असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. स्वस्त प्लॅस्टिकच्या पाकिटात पदक ठेवू नका, ते हिरवट चिकट होतं. जुनी रेशमी रिबन विरली असली तरी फेकू नका. नवी लावायचीच असेल तर जुनी त्याच डब्यात जपा.

कुणीतरी मला विचारलं होतं की मराठ्यांच्या इतिहासाशी जोडलेली पदकं गोळा करायची तर सुरुवात कुठून करावी. मोह होतो तो इंग्रज-मराठा लढायांच्या काळातल्या आर्मी ऑफ इंडिया मेडलचा. असई, अरगाव, गाविलगड, पुणे, खडकी, सीताबर्डी, महिदपूर, कोरेगाव अशा २१ क्लास्प (रिबनवर बसवलेल्या, लढाईचं नाव असलेल्या पट्ट्या) त्यावर येतात. पण ते पदक १८५१ मध्ये दिलं गेलं, म्हणजे असईनंतर जवळजवळ ४८ वर्षांनी. तेही तोवर हयात असून मागणी करणाऱ्यांनाच. किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर, आणि बनावट क्लास्पांची भीती सतत. माझं मत विचाराल तर महायुद्धातल्या मराठा पलटणींपासून सुरुवात करा. पैसे कमी लागतात, आणि या शिपायांची नातवंडं-पणतवंडं आजही त्याच गावांत आहेत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात गेलात तर घराघरात ट्रंका आहेत.

कोल्हापूरच्या संग्राहकांशी बोलून ठरलं की स्टार आणि वॉर मेडल आता एकत्र राहतील. त्यांच्याकडे ११० मराठाचा अपुरा संच आहे आणि माझ्याकडे त्याच पलटणीचं एक व्हिक्टरी मेडल आहे, तेव्हा अदलाबदल झाली. पैशांचा व्यवहार नाही. वारस सापडले आणि त्यांना हवं असलं तर संच त्यांच्या घरी जाईल, हे दोघांनी आधीच एकमेकांना लेखी दिलंय. एक सूचनाही: ही पदकं आता शंभरी ओलांडून गेली आहेत. शंभर वर्षांपुढच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याची बंधनं आहेत. परदेशातल्या लिलावात विकायच्या गोष्टी करणाऱ्या दलालांपासून दूर राहा.

पुढची कामं अशी: व्हिक्टरी मेडल शोधणं, कमिशनच्या नोंदींची यादी पुरी करणं, आणि १९१५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरच्या युद्धदैनंदिनीत जखमींना नदीने खाली बसऱ्याकडे पाठवल्याच्या नोंदी मिळतात का ते पाहणं. पावसाळा सरला की जी दोन-तीन गावं यादीत सारखी येताहेत तिथे जाऊन ग्रामपंचायतीत आणि जुन्या घरांत विचारपूस करणार आहे. जंगी इनाम (लढाईतल्या कामगिरीबद्दलचं सरकारी इनाम) मिळालेली घरं गावात सहसा सगळ्यांना माहीत असतात, तिथून सुरुवात करेन.

तुमच्यापैकी कुणाकडे ११७ मराठाचं कुठलंही पदक असेल, मग ते कितीही झिजलेलं असो, तर कडेवरचा क्रमांक आणि गाव ठाऊक असल्यास गाव एवढं कळवा. १९२१ नंतरच्या पदकांवर 'रॉयल' लागलेलं असेल किंवा १९२२ च्या फेररचनेनंतर पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी बटालियन म्हणून नोंद असेल, तर तेही चालेल, कारण पलटण तीच आहे. नाव सांगायचं नसेल तर सांगू नका. नुसता क्रमांक आणि तालुका मिळाला तरी यादीतली एक रिकामी ओळ भरते.