ओल इथं, गळती तिथं

डिस्क ब्रेकच्या लिव्हरचा दाब चाकापर्यंत नेणाऱ्या द्रवाला आपल्याकडं ब्रेक ऑइल म्हणतात. बाटलीवर 'फ्लुइड' छापलेलं असलं तरी जालन्यापासून उदगीरपर्यंत कुठल्याही स्पेअरपार्टच्या दुकानात ब्रेक ऑइल मागितलं की काम होतं. बोलायला हरकत नाही, घोटाळा होतो गळती शोधताना. मोटारसायकलमध्ये येणारं डॉट ३ किंवा डॉट ४ हे तेल नव्हेच. ते पाण्यात विरघळतं, हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकीवर सांडून राहिलं तर रंग उचलतं. तेलाला यातलं काही जमत नाही.

म्हणून सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीच्या पुढच्या चाकाशी सकाळी थेंब दिसला, तर पान्ह्याआधी वाटीभर पाणी घ्यावं. थेंब बोटावर घेऊन त्यात सोडावा. वर तवंग आला तर ब्रेकवर आळ घेऊ नये. पुढच्या शॉकअपचं सील गेलेलं असतं आणि आतलं तेल ओघळत कॅलिपरपर्यंत, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागापर्यंत आलेलं असतं. तवंग न येता थेंब विरघळला आणि बोटाला मात्र बुळबुळीत लागत राहिला, तर दुखणं ब्रेकचंच. बोटाला काहीच लागलं नाही तर ते गाडी धुतल्याचं पाणी.

माळवदाच्या घरात पावसाळे काढलेल्या माणसाला पुढचं फार सांगावं लागत नाही. पाणी ठिबकतं देवळीपाशी आणि भोक असतं पार पलीकडच्या खणात. मधल्या वाटेत ते तुळईच्या अंगानं सरकत येतं. ठिबकतं त्याच्या बरोबर वर पांढरी माती टाकून गळती थांबत नाही. ब्रेकचंही तसंच. हँडलजवळचा जोड पाझरतो, फ्लुइड नळीवरून उतरतं आणि ओला दिसतो कॅलिपर. मग कॅलिपरचे बोल्ट आवळले जातात, ज्यांचा काही दोष नसतो.

तेव्हा आधी सगळं साध्या पाण्यानं धुवावं. फ्लुइड पाण्यात विरघळतं, हा त्याचा एवढाच काय तो उपकार. फडक्यानं कोरडं करावं, हँडलवरच्या फ्लुइडच्या डबीपासून खालपर्यंत प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि लिव्हर मिनिटभर घट्ट दाबून धरावी. पावडर जिथं पहिल्यांदा काळवंडते, तिथं गळती. काल ठीक असलेली गाडी सर्व्हिसिंगनंतर गळते, तेव्हा काय काय खोललं होतं हे विचारावं. गळती बहुधा त्या यादीतच सापडते.

नुसते ब्रेकपॅड बदलले असतील तर डबीकडं बघावं. पॅड झिजतात तसा कॅलिपरमधला पिस्टन बाहेर सरकतो आणि डबीतली पातळी उतरते. मध्येच कुणीतरी ती काठोकाठ भरून ठेवतं. नवे जाड पॅड बसवताना पिस्टन मागं ढकलला की जास्तीचं फ्लुइड झाकणातून बाहेर येतं. ही गळती नाहीच, पण टाकीचा रंग तेवढ्यानंही जातो. पिस्टन ढकलण्याआधी सिरिंजनं थोडं काढून घ्यावं. झाकणाखालचं रबर दुमडून बसलं तरी तिथून पाझरतं.

फ्लुइड बदललं असेल तर ब्लीड निपल, म्हणजे हवा काढायची कॅलिपरवरची तोटी, तपासावा. त्याच्या पोकळ तोंडात चारदोन थेंब राहतात आणि रस्त्यावर हादऱ्यांनी बाहेर येतात. सुती चिंधीची वात करून ते टिपावेत, वर रबरी टोपी घालावी आणि पुन्हा बघावं. तरीही ओलं झालं तर निपल नीट बसलेला नाही. तो आट्यांवर बंद होत नाही, आतल्या निमुळत्या टोकावर बंद होतो, त्यामुळं टेफ्लॉन टेप गुंडाळून मूळ गळती थांबत नाही. टोक आणि बैठक यांच्यात आपल्याकडच्या काळ्या मातीचा कण अडकला तरी पुरतं. आवळायचाही बेतानं. बहुतेक गाड्यांत ५ ते ८ न्यूटन-मीटर, म्हणजे आखूड पान्हा आणि मनगटाचा जोर. लांब पान्ह्यानं ताकद दाखवली की निपल तुटून कॅलिपरमध्येच राहतो.

पण खरा वेळ द्यावा तो बँजो बोल्टला. नळीच्या टोकाचं कडं मास्टर सिलिंडरला (लिव्हर दाबली की फ्लुइड ढकलणारा हँडलवरचा भाग) आणि कॅलिपरला धरून ठेवणारा हा पोकळ बोल्ट. कड्याच्या दोन्ही अंगांना एकेक तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं वायसर असतं. ते मऊ असतं, कारण त्यानं चेपूनच फट बुजवायची असते. एकदा चेपलं की ते कडक होतं आणि त्यावर जुन्या बोल्टचा वळ उठतो. तेच पुन्हा लावलं तर फट उरते. मग आणखी आवळा, आणखी आवळा, आणि शेवटी ॲल्युमिनियमच्या कॅलिपरचे आटे हातात. बोल्टला साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकातला. आणखी एक फसगत म्हणजे जुनं वायसर कॅलिपरला चिकटून राहतं, दिसत नाही, आणि नवं त्याच्यावर बसतं. नखानं खरवडून बघितल्याशिवाय नवं लावू नये. वाळूजला १९८५ पासून दुचाक्या तयार होतात, त्या मराठवाड्यात दोन वायसर मिळत नाहीत असं नाही. मागायचं सुचत नाही, इतकंच.

पिस्टनच्या भोवती ओल असेल तर सील बसवताना कापलं गेलंय किंवा पिस्टन गंजलाय. लिव्हरच्या खोबणीत ओल असेल तर मास्टर सिलिंडरचं किट, म्हणजे आतली रबरं, गेलंय. इथं आवळायला काही नसतं, सुटे भाग बदलायचे. रबर बसवताना ताजं ब्रेक फ्लुइडच लावावं. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं की रबर फुगतं.

फ्लुइड प्यायलेले पॅड फेकून द्यावेत. पेट्रोलनं धुऊन, स्टोव्हवर भाजून ते परत येतात ही गॅरेजमधली जुनी श्रद्धा आहे. डिस्क मात्र ब्रेक क्लीनरनं पुसावी. निम्मी वापरून उघडी ठेवलेली बाटली नंतर घालू नये. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ३.७ टक्के पाणी मुरल्यावरचा किमान आकडा १५५. उतारावर सतत ब्रेक दाबून डिस्क तापते, पाणी मुरलेलं फ्लुइड उकळतं, तेव्हा हा फरक लिव्हरला कळतो.

जोड उघडला म्हणजे आत हवा गेली. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या फ्लुइडमध्ये बुडवावं. लिव्हर दाबून धरायची, निपल पाव फेरा उघडायचा, बंद करायचा, मगच लिव्हर सोडायची. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि डबी रिकामी होऊ द्यायची नाही. लिव्हर मऊ लागून पंप केल्यावर कडक होत असेल तर हवा उरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू मुठीकडं जात असेल आणि बाहेर सगळं कोरडं असेल, तर मास्टर सिलिंडर आतून सोडतोय.

शेवटी ट्यूबच्या रबराची पट्टी कापून लिव्हर मुठीशी करकचून बांधावी, कॅलिपरखाली जुना पेपर अंथरावा आणि रात्रभर तसंच ठेवावं. सकाळी पेपर कोरडा असेल तर रबर सोडून गाडी आधी गल्लीत, पायी चालायच्या वेगानं, दहा वेळा थांबवून बघावी. मांजरसुंब्याचा घाट त्यानंतर.