तुम्ही विचारलंत म्हणून : मागच्या ॲक्सलचा रेशो न खोलता कसा ओळखायचा?

मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजात १९७२ सालची फोर्ड एफ-१०० पिकअप उभी आहे. तिच्या मागच्या ॲक्सलचा रेशो किती, हे पाहुणे विचारतात आणि मी ‘३.५०’ असे सांगितले की, ‘न खोलता हे कळले कसे?’ हा प्रश्न ठरलेला असतो. जुनी जीप घेतल्यापासून पुण्याचा भाचाही तेच विचारतो आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलकडे येणारा फिरता दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. त्याच्या टोकाचे छोटे दातेरी चाक म्हणजे पिनियन आणि ते ॲक्सलमधले जे मोठे दातेरी चाक फिरवते ते क्राऊन. क्राऊनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की रेशो मिळतो. माझ्या ॲक्सलमध्ये क्राऊनला ३५ आणि पिनियनला १० दाते आहेत, म्हणजे चाके एकदा फिरण्यासाठी प्रोपेलर शाफ्टला साडेतीन फेऱ्या घ्याव्या लागतात. साडेतीन मुहूर्त पाळणाऱ्या घरात हा आकडा विसरण्याची सोय नाही.

गाडी विकणाऱ्याने मला ३.७० सांगितला होता आणि दारावरच्या पट्टीवरील ॲक्सलचा कोडही तेच सांगत होता. ती पट्टी मात्र गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसापुरती साक्ष देते. पुढच्या पन्नास वर्षांत कुणी कुठला ॲक्सल बसवला, याची तिला खबर नसते. अधिक भरवशाचा असतो तो डिफरन्शियलच्या (ॲक्सलच्या मधोमध असलेली, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) एका बोल्टखाली अडकवलेला पत्र्याचा बिल्ला. त्यावर ‘३ ५०’ असेल तर साधे डिफरन्शियल समजावे आणि मध्ये इंग्रजी ‘एल’ असेल तर लिमिटेड स्लिप, म्हणजे दोन्ही चाकांना शक्यतो एकत्र फिरवणारे. माझ्या गाडीचा बिल्ला केव्हाच गळून पडला होता. मला शंका आली ती स्पीडोमीटरमुळे, कारण फोनवर ताशी ६० मैल दिसत असताना काटा ५७ च्या आसपास रेंगाळत असे. काटा शाफ्टच्या फेऱ्यांवर चालतो, म्हणजे शाफ्ट अपेक्षेपेक्षा कमी फिरत होता. टायर मोठे असले तरीही असे होते, त्यामुळे एवढ्यावरून निकाल लावता येत नव्हता.

मग फेऱ्या मोजायला बसलो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावले, एक मागचे चाक जॅकवर उचलून ॲक्सलखाली घोडा (गाडी पेलणारा स्टँड) ठेवला, गिअर न्यूट्रल केला आणि हँडब्रेक सोडला. (ठोकळ्यांची टंगळमंगळ करू नये, या अवस्थेत गाडीला धरून ठेवणारे दुसरे काहीच नसते.) टायरवर आणि शाफ्टवर खडूने खूण करून चाक एक फेरी फिरवले, तर शाफ्ट जेमतेम पावणेदोन फेऱ्या फिरला. असा रेशो असणे शक्यच नव्हते. म्हणून दुसरे चाकही उचलले. तेव्हा ते बेटे उलटे फिरू लागले आणि शाफ्ट जागचा हलेना. पत्नी टॉर्च धरून उभी होती. तिने शांतपणे विचारले, ‘‘डिफरन्शियलचे काम तेच ना?’’

ती बरोबर होती. एक चाक जमिनीवर अडलेले असताना दुसऱ्याची एक फेरी ही ॲक्सलची अर्धीच फेरी ठरते, म्हणून उचललेले चाक दोनदा फिरवून शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. दोन फेऱ्यांत ३.५० आणि ३.७० यांतला फरक डोळ्यांना धड कळत नाही, म्हणून मी चाक वीस वेळा फिरवले आणि शाफ्ट ३५ वेळा फिरला. ३.७० असता तर ३७ फेऱ्या झाल्या असत्या. लिमिटेड स्लिप असेल तर ही युक्ती चालत नाही. तेव्हा दोन्ही चाके उचलावीत, ती एकाच दिशेने फिरतात आणि मग दहाच फेऱ्या पुरतात.

दाते मोजले की वाद उरत नाही, पण फोर्डच्या नऊ इंची ॲक्सलला मागे झाकणच नसते. दोन्ही ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढून अख्खे डिफरन्शियल पुढच्या बाजूने काढावे लागते. ते धूड छातीवर घ्यायची हौस नसेल तर केवळ उत्सुकतेपोटी हा उद्योग करू नये. पुढे सील गळू लागले म्हणून मला ते काढावेच लागले, तेव्हा ३५ आणि १० दाते स्वतः मोजले.

भाच्याचे काम त्या मानाने सोपे आहे. महिंद्राने परवान्याखाली बनवलेल्या सीजे-३बी जीपचा मूळ रेशो ५.३८, म्हणजे ४३ दात्यांना ८, आणि तिच्या मागच्या ॲक्सलला बोल्टचे झाकण असते. तरीही त्याने आधी चाक फिरवून पाहिले. वीस फेऱ्यांना शाफ्टच्या पावणेचोपन्न फेऱ्या व्हायला हव्या होत्या, त्याच्या मोजणीत पावणेएकोणपन्नास झाल्या. हा हिशेब ३९ आणि ८ दात्यांचा, म्हणजे ४.८८ चा आहे. म्हणजे कुणीतरी मागची क्राऊन-पिनियन बदलली आहे. पुढचीही बदलली आहे की नाही हे त्याने अजून मोजलेले नाही, आणि पुढचा-मागचा रेशो वेगळा असेल तर चारही चाके एकत्र जोडताच ती एकमेकांशी झगडतात. म्हणून तोवर फोर-व्हीलचा दांडा ओढू नकोस, असे मी त्याला बजावले आहे.