दुसऱ्या पिरियडमधली दीड मिनिटं

अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीत तेच दोन संघ बहुधा शुक्रवारी आणि शनिवारी लागोपाठ भिडतात. आम्हा स्काउट लोकांना, म्हणजे क्लबांसाठी खेळाडू हेरणाऱ्यांना, शनिवार जास्त प्रिय. शुक्रवारी सगळेच चपळ दिसतात. शनिवारी पाय जड झालेले असतात, आणि मग पोरगा कसा आहे ते कळतं.

जानेवारीतल्या अशाच एका शनिवारी मी नॉर्थ डकोटात ग्रँड फोर्क्सला होतो. बाहेर मरणाची थंडी, आत राल्फ एंगलस्टॅड अरिनाचा थाट: ग्रॅनाइटची फरशी, चामड्याच्या खुर्च्या, अकरा हजारांवर प्रेक्षक. कॉलेजच्या पोरांसाठी! मी मात्र पाहुण्या संघातल्या एका एकवीस वर्षांच्या डिफेन्समनसाठी आलो होतो. एनएचएल ही तिथली सर्वोच्च लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात तेव्हा, सात फेऱ्यांत २२४ नावं पुकारली जातात, त्यांत याचं कधीच आलं नाही. म्हणजे कॉलेज सोडलं की हा कोणाशीही करार करायला मोकळा. मिशिगन स्टेटचा टोरी क्रूगसुद्धा ड्राफ्टमध्ये कोणी उचलला नव्हता. २०१२ मध्ये बॉस्टनने त्याला घेतलं आणि पुढे तो कितीतरी वर्षं एनएचएल खेळला. अशा पोरांच्या मागे सगळेच असतात.

कागदावर याचे असिस्ट (गोल घडवणारे पास) भरपूर, पण बरेचसे पॉवर प्लेमधले. म्हणजे समोर शिक्षेमुळे एक माणूस कमी आणि हातात वेळ, तेव्हा छान पास कोणीही देतो. वरच्या लीगमध्ये याला पॉवर प्लेवर कोण उभं करणार? मला बघायचं होतं ते वेगळंच: पक (रबरी चकती) आपल्याच गोलमागे गेलाय, पाठीवर दोन फॉरवर्ड धावून येतायत, तेव्हा हा काय करतो.

वॉर्म-अपमध्येच एक खोट दिसली. उलटं स्केटिंग करताना डावीकडे तो एका झटक्यात वळायचा, उजवीकडे मात्र एक पाऊल जास्त घ्यायचा. अंतर राखणं चांगलं होतं. कबड्डीत चढाईवाल्यासमोर कव्हर जसा मापात मागे सरकतो, तसा तो फॉरवर्डला ना फार जवळ येऊ देई, ना मोकळी जागा देई. पण पहिल्या पिरियडमध्ये एका फॉरवर्डने उजव्या बाजूने वेग घेतला आणि त्या जास्तीच्या पावलात तो निघून गेला. गोल.

दुसऱ्या पिरियडमध्ये संघ बाजू बदलतात, त्यामुळे बचावाच्या वेळी आपला बाकडा लांब पडतो. दमलेल्या डिफेन्समनला बदलीला जाताच येत नाही. एरवी एक शिफ्ट, म्हणजे बर्फावरची एक पाळी, पाऊण मिनिटाची. हा पोरगा दीड मिनिट अडकला. त्यात जोडीदाराची स्टिक तुटली. अशा वेळी पक डोळे मिटून पलीकडे भिरकावायचा मोह होतो. पण तो कोणाला न लागता थेट पलीकडच्या गोलरेषेपार गेला, म्हणजे आइसिंग ठरला, तर शिट्टी वाजते, पुन्हा आपल्याच गोलजवळ फेस-ऑफ (पक टाकून खेळ सुरू), आणि त्याच दमलेल्या पाच जणांना खेळावं लागतं.

त्याने भिरकावला नाही. पककडे जाताना आधी एका खांद्यावरून मागे पाहिलं, मग दुसऱ्या. गोलच्या जाळीची आड घेऊन वळला आणि सेंटरला (मधल्या फॉरवर्डला) पास दिला. सेंटरने तो घालवला. पक परत कोपऱ्यात. या वेळी त्याने फॉरवर्डला पुरता अंगावर येऊ दिला, धक्का बसणार हे दिसत असताना क्षणभर थांबला आणि मोकळ्या झालेल्या जागेतून सहा-सात फुटांवरच्या सहकाऱ्याकडे पक सरकवला. मग तो कडेच्या बोर्डवर आदळला तो आवाज वरपर्यंत आला. पक मध्यरेषेपलीकडे गेला, सगळे बदलले, हा सर्वांत शेवटी बाकड्यावर पोचला. कॉलेजात तोंडावर पूर्ण जाळी सक्तीची असल्याने चेहरा दिसत नाही, पण हाताने तो सेंटरला दाखवत होता की पुढच्या वेळी कुठे उभा राहा. स्कोअरशीटवर यातलं काहीच येत नाही.

शिवाय २०२५ पासून कॅनडाच्या मेजर ज्युनियर या तरुणांच्या लीगमधल्या पोरांनाही कॉलेज हॉकीची दारं उघडली आहेत. समोरचे फॉरवर्ड आता पूर्वीपेक्षा तयारीचे असतात, त्यामुळे असा दाब झेलण्याला माझ्या लेखी जास्त किंमत.

सामना ते हरले. रात्री हॉटेलवर मी अहवाल लिहिला: डिफेन्सची तिसरी जोडी, पेनल्टी किल (आपला माणूस कमी असतानाचा बचाव), आधी एक वर्ष एएचएल (एनएचएलच्या खालची लीग), पॉवर प्लेची अपेक्षा नको. उजवीकडचं वळण चांगल्या स्केटिंग कोचकडे एका उन्हाळ्यात सुधारेल. पाठीवर माणसं असताना डोकं शांत ठेवणं या वयात कोणी शिकवू शकत नाही, ते याच्याकडे आहे. करार करावा.

सोबत त्या दीड मिनिटांची क्लिप जोडली, आणि त्या गोलचीही. सकाळी साहेबांचा फोन आला.

"डोकं पटलं मला. पण वर सगळेच फॉरवर्ड त्याच बाजूने येतील. मार्चपर्यंत अजून बघ, आणि फक्त उजवीकडे बघ."