आमची वाटचाल: सुरी, कुंपण आणि गांधीलमाश्या

आमच्या कार्यशाळेत एकच वस्तू बनते. शेतावर, गोठ्यात, परसात दिवसभर हाताशी लागणारी, न मिटणारी सुरी. पातं दहा-अकरा सेंटिमीटर, मूठ त्याहून बोटभर लांब, आणि पोलादाचा एकच तुकडा टोकापासून मुठीच्या शेवटापर्यंत आरपार गेलेला. घडीच्या चाकूत सांधा असतो. त्या सांध्यात माती जाते, चीक बसतो, मग गंज धरतो. आमच्या सुरीला सांधाच नाही. धुतली, पुसली, तेलाचं बोट फिरवलं की झालं.

सुरुवात केली ती गाड्यांच्या जुन्या कमानपाट्यांपासून. पोलाद चांगलं असतं, यात शंका नाही. पण वर्षानुवर्षं वाकून वाकून आलेल्या पाट्यात केसाएवढी चीर लपलेली असू शकते, आणि ती दिसते कधी, तर सगळं घडवून, घासून झाल्यावर. शिवाय प्रत्येक पाट्याची जात निराळी, त्यामुळे तापमानाचा अंदाज दर वेळी नव्याने बांधायचा. म्हणून आम्ही १०८४ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या, साध्या कार्बन पोलादावर आलो. त्यात कार्बन साधारण ०.८ ते ०.९ टक्के. पातं तापवताना ७७० अंशांच्या आसपास त्याला चुंबक चिकटेनासं होतं; तिथून रंग आणखी जरा चढू द्यायचा आणि मग कोमट तेलात सरळ, न डगमगता बुडवायचं. बाहेर आलेलं पातं इतकं कडक असतं की कानस त्यावरून नुसती घसरते. त्या अवस्थेत ते दगडावर पडलं तर तुटेल. म्हणून पुन्हा २५० अंशांच्या आसपास दोन-दोन तास, दोन वेळा शेक देतो. थोडा कडकपणा जातो, पण चिवटपणा येतो. सुतळी, पोती, ओल्या फांद्या, खुंटांची टोकं, ठिबकच्या नळ्या ही कामं करणाऱ्या माणसाला दगडावर चार हात मारून लगेच धार आणता आली पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. आरशासारखी चकाकी आम्ही देतही नाही.

इथवरची गोष्ट बहुतेक सुरी बनवणाऱ्यांची सारखीच असेल. आमच्या सुरीचा आजचा आकार मात्र गांधीलमाश्यांनी ठरवला.

गिऱ्हाइकांना आम्ही नेहमी विचारायचो, सुरी हातात असताना अडचण कधी येते? धारेबद्दल उत्तर येईल असं वाटायचं. पण कुंपण साफ करणारे, वेली काढणारे, झाडाखालचं रान मोकळं करणारे लोक पुन्हा पुन्हा एकच सांगायचे: पानाआड पोळं होतं, दिसलं नाही, आणि माश्या अंगावर आल्या. एका बाईंची सुरी अशाच वेळी हातून सुटली आणि काळपट मुठीमुळे गवतात दुसऱ्या दिवसापर्यंत सापडली नाही. आम्हाला त्यातून कळलं ते असं: डंख तर दुखतोच, पण त्याआधी माणूस दचकतो, आणि दचकलेल्या हातात धारदार पातं असतं.

मग आम्ही मुठीवर काम सुरू केलं. पात्याजवळ खालच्या बाजूला उंचवटा दिला, म्हणजे हात झटक्यात पुढे सरकला तरी बोटं धारेवर जात नाहीत. मागे मूठ किंचित खाली वळवली. मनगटात अडकवायची दोरी काढून टाकली, कारण अशा वेळी सुरी सोडून बाजूला होता आलं पाहिजे. मनगटाला लोंबकळणारं पातं घेऊन पळणं फार वाईट. त्याऐवजी मुठीच्या टोकाला केशरी दोरीचा छोटा गोंडा बसवतो. गवतात तो लांबून दिसतो. म्यानाचं तोंडही रुंद केलं, न बघता सुरी आत जाईल इतकं. (चामड्याच्या म्यानात सुरी रात्रभर ठेवू नका, ओल धरते.)

कापायची रीतही आम्ही समजावून सांगतो. दणादण घाव घातले की सगळं झुडूप हलतं, आणि पोळ्याला हादरा बसला की माश्या चवताळतात. फांदी एका हाताने ताणून धरायची आणि धार ओढत न्यायची. त्याही आधी दोन-चार मिनिटं नुसतं उभं राहून पाहायचं. माश्या एकाच जागेत आत-बाहेर करत असतील, तर तिथे पोळं आहे. काठीने ढोसून खात्री करायला जाऊ नका.

आमच्या कार्यशाळेत त्या रोज येतात. मुठींसाठी उघड्यावर ठेवलेल्या जुन्या, करड्या पडलेल्या लाकडावर बसून त्या जबड्याने तंतू खरवडतात. आजूबाजूला शांतता असेल तर ती खरखर ऐकू येते. हेच तंतू चघळून त्या कागदासारखं पोळं बांधतात. फ्रान्सचे निसर्गअभ्यासक रेओम्यूर यांनी १७१९ मध्ये हे पाहूनच सुचवलं होतं की लाकडापासून कागद करता येईल. एकेकटी राहणारी जातही इथे आहे. रिव्हेटसाठी, म्हणजे मूठ पक्की करणाऱ्या खिळ्यासाठी, पाडलेलं भोक तसंच राहिलं तर ती त्यात अळ्या साठवते, अंडं घालते आणि मातीने लिंपून टाकते. तिच्यापासून त्रास जवळजवळ नाही. असा तुकडा आम्ही बाजूला ठेवतो, पिल्लू बाहेर पडेपर्यंत.

कागदी पोळंवाल्याही पिलांना सुरवंट आणून भरवतात, म्हणजे पिकाचं राखणच करतात. पोळं वाटेत नसेल तर राहू द्यावं, आणि जाळायचा विचार तर मुळीच करू नये. दारात, वाटेवर असेल तर जाणकार माणूस बोलवा.

प्रत्येक सुरीबरोबर आम्ही एक छापील कार्ड देतो. धार लावण्याच्या सूचनांखाली गांधीलमाश्यांबद्दल हे लिहिलेलं असतं: मधमाशीचा काटा त्वचेत अडकतो, हिचा अडकत नाही, म्हणून ही पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. डंखाच्या विषाचा वास इतर माश्यांना बोलावतो, तेव्हा हात झाडत न बसता तिथून लांब जा. जागा साबण-पाण्याने धुवा, गार पट्टी ठेवा. श्वास अडकणं, तोंड किंवा जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, भोवळ येणं यांपैकी काहीही झालं, किंवा एकदम खूप डंख बसले, तर घरगुती उपाय न करता त्याच क्षणी दवाखाना गाठा.

सध्या डावखुऱ्यांसाठी म्यान तयार करतो आहोत. उजव्या कमरेचं म्यान नुसतं उलटं करून चालत नाही, शिवण धारेच्या बाजूला येते. पहिले नमुने वापरायला दिले आहेत. लोक काय सांगतात ते ऐकून मगच पुढची तुकडी शिवू.