तीस ग्रॅमचा मोनितो आणि बांडगूळ

सध्या एका प्राण्याने मला पार वेड लावलंय, मोनितो देल मोंते. चिलीचा दक्षिण भाग आणि त्याला लागून अर्जेंटिनाची थोडी पट्टी, तिथल्या अँडीजच्या थंड, ओल्या जंगलात राहतो. दिसायला उंदरासारखा, डोळ्यांभोवती काळी वर्तुळं, वजन २० ते ४० ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेतल्या ओपोसम या प्राण्यासारखाच पिशवीवाला, म्हणजे पिल्लं पोटाच्या पिशवीत वाढवणारा, पण नातं जवळचं निघतं ते ऑस्ट्रेलियातल्या कांगारू-कोआलाशी! कारण एके काळी दक्षिण अमेरिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया सगळं एकमेकांना जोडलेलं होतं. त्याच्या गटातले बाकीचे कधीच संपले, हाच तेवढा राहिला.

थंडीच्या आधी शेपटीच्या बुडाशी चरबी साठवतो, शेपूट तिथे चांगली जाडजूड होते, मग तिथल्या बांबूच्या पानांचं आणि शेवाळाचं गोल घरटं करून त्यात बरेचदा तीन-चार जण एकमेकांना चिकटून झोपतात.

पण मला खरं सांगायचंय ते बांडगुळाचं. आपल्या नाशकात आंब्यावर बांडगूळ दिसलं की लगेच कोयता काढतात, बागेत ते बरोबरच आहे, फांदी वाळते. आपल्याकडे त्याचं बी फुलटोच्या पसरवतो, इवलासा पक्षी, फळ खातो आणि चिकट बी फांदीला पुसून टाकतो. तिकडच्या जंगलात हे काम मोनितो करतो, तेही रात्री. फळ पिकलं तरी हिरवंच राहतं, मोनितो ते गिळतो, बी पोटातून जाऊन विष्ठेतून बाहेर पडतं आणि फांदीला चिकटतं, आणि पोटातून गेल्याशिवाय ते नीट रुजतच नाही. सन २००० मध्ये हे संशोधन ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं होतं.

आणि त्या बांडगुळाला फुलं येतात ऐन हिवाळ्यात, जेव्हा जंगलात दुसरं फारसं काही फुललेलं नसतं. तिथला छोटा हमिंगबर्ड त्याच मधावर थंडी काढतो आणि पुढे उन्हाळ्यात कितीतरी झाडाझुडपांचं परागीभवन करतो. म्हणजे बघा, एवढंसं जनावर रात्री फळं खातंय म्हणून दिवसा पक्ष्याचं आणि झाडांचं चाललंय. त्यामुळे त्र्यंबकच्या बाजूला रानातल्या झाडावरचं बांडगूळ तरी कुणी उगाच तोडू नये असं मला मनापासून वाटतं, फुलटोच्याचं पोट बरंचसं त्यावरच आहे.

चिलीत जुनी जंगलं तोडून पाइन आणि निलगिरी लावलीय, जंगलाचे तुकडे झालेत, आणि जिथे मोनितो कमी झाला तिथे बांडगुळाची नवी रोपंही कमी झाली.